गुण आणि अवगुण : सीमारेषेचा विचार

शाळा सोडणाऱ्या विद्यार्थ्यास जो दाखला द्यावा लागतो, त्यात एक छोटासा रकाना असतो. महाराष्ट्रातील दाखल्यांवर त्यास 'वर्तणूक' म्हणतात. आमच्या मध्य प्रदेशात छापील नमुना हिंदीत असल्याने तेथे 'आचरण' असा शब्द आहे. नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिवस हे रकाने कारकुनास भरता येतात, कारण त्यांची उत्तरे नोंदवहीत असतात. या एका रकान्याचे उत्तर मात्र कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. ते मुख्याध्यापकाने द्यावयाचे असते, आणि तेही एका शब्दात. आठ-दहा वर्षे आमच्या डोळ्यांसमोर वाढलेल्या एका जिवाविषयी आम्ही 'उत्तम', 'चांगले' किंवा 'सामान्य' यांपैकी एक शब्द लिहितो, सही करतो, शिक्का मारतो आणि पुढचा कागद ओढतो. वास्तविक त्या एका शब्दात नीतिशास्त्राचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे : गुण कशाला म्हणावे, अवगुण कशाला म्हणावे, आणि हे आपण कशावरून ठरवितो?

प्रश्न बाळबोध वाटेल. सत्य, दया, धैर्य, संयम हे गुण. असत्य, क्रूरपणा, भ्याडपणा, लोभ हे अवगुण. यात विचारावयाचे ते काय, असे कोणीही म्हणेल. आपल्या परंपरेने तर या याद्या आपल्या हाती तयारच दिल्या आहेत. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी निर्भयतेपासून निरभिमानतेपर्यंत सव्वीस दैवी गुणांची गणना आहे, आणि त्यांच्या लगोलग दंभापासून अज्ञानापर्यंत सहा आसुरी दोष सांगितले आहेत. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये सिद्ध केलेल्या आपल्या टीकेत यांतील एकेका गुणाचे दृष्टान्तामागून दृष्टान्त देत असे विवरण केले आहे की, त्या काळच्या मराठी मनुष्यास तो अध्याय म्हणजे नीतीचा कोशच वाटला असावा. समर्थांच्या दासबोधातील दुसऱ्या दशकात प्रथम मूर्खाची लक्षणे आहेत, मग उत्तम लक्षणे आहेत, कुविद्या आहे, सद्विद्या आहे. जणू पानाच्या मधोमध रेघ ओढली आहे. एका बाजूस घ्यावयाचे, दुसऱ्या बाजूस टाकावयाचे.

परंतु या याद्या शेवटपर्यंत वाचल्या म्हणजे ही रेघ वाटते तितकी सरळ नाही हे ध्यानात येते. समर्थांचा तोच दशक 'पढतमूर्ख' या समासाने संपतो. हा पढतमूर्ख निरक्षर नव्हे, अनभिज्ञ नव्हे. त्याने पहिल्या बाजूची सगळी यादी पाठ केलेली आहे. गीतेचेही तसेच. सोळाव्या अध्यायात दान हा दैवी गुण म्हणून येतो, आणि सतराव्यात त्याच दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार होतात. देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. उलट उपकाराच्या आशेने किंवा कुरकुरत दिलेले ते राजस. अपात्री, अवेळी, तुच्छतेने फेकलेले ते तामस. तिन्ही ठिकाणी हातातून सुटलेला पैसा तोच आहे! धृतीचा प्रकार तर याहून विलक्षण. धैर्य, चिकाटी, धरून राहण्याचे बळ या गोष्टींस आपण निःशंकपणे गुण म्हणतो. पण अठराव्या अध्यायात तामस धृतीही सांगितली आहे. निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांस मनुष्य ज्या बळाने सोडीत नाही ते बळही धृतीच. म्हणजे अवगुणास चिकटून राहण्यासदेखील चिकाटी लागते. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ च्या आपल्या छोटेखानी नीतिग्रंथात जवळजवळ हेच म्हटले आहे : संयम, शांत चित्त, सारासार विचार हे सामान्यतः चांगले खरे, परंतु दुष्टाच्या अंगचा थंडपणा त्यास अधिक भयंकर करतो. दूरदूरच्या दोन परंपरा येथे एका ठिकाणी येतात. गुणाच्या नावावरून गुण ओळखता येत नाही.

हे सामान्य मराठी मनुष्यास ठाऊक नाही असे नाही. आपल्या भाषेत तर या शब्दांची जुळी भावंडेच आहेत. काटकसर आणि चिक्कूपणा, निर्धार आणि हट्ट, स्पष्टवक्तेपणा आणि फटकळपणा, नम्रता आणि लाचारी, धोरण आणि कावेबाजपणा, औदार्य आणि उधळेपणा. बाहेरून पाहणाऱ्यास दोघांचा चेहरा सारखा. स्वतःविषयी बोलताना आपण जोडीतील पहिला शब्द घेतो, शेजाऱ्याविषयी बोलताना दुसरा.

लोकमान्यांच्या बाळपणीची शेंगांच्या टरफलांची आख्यायिका कोणत्या मराठी शाळेत सांगितली जात नाही? ती घडली असो वा रचलेली असो, तिचे मर्म असे की, आपण न केलेल्या कचऱ्याची सामुदायिक शिक्षा भोगण्यास एक मुलगा नकार देतो. आमच्या शाळेत वर्ग झाडण्याची पाळी आली म्हणजे ही गोष्ट एका तरी विद्यार्थ्यास हमखास आठवते! शब्द तेच, ताठ मान तीच. पण एके ठिकाणी अन्यायास विरोध आहे आणि दुसरे ठिकाणी हातात झाडू घेण्याचा कंटाळा. निर्धार आणि हट्ट यांतील भेद मानेच्या ताठपणाने मोजू गेल्यास हाती काहीच लागत नाही.

'भीड' या शब्दाचा विचार या संदर्भात विशेष करण्यासारखा आहे. भीड म्हणजे केवळ लाज नव्हे, भय नव्हे, आदरही नव्हे. समोरच्याचे मन मोडवत नाही अशी एक मनाची अवघडलेली अवस्था. ती नसलेल्या मनुष्यास आपण निर्भीड म्हणतो, आणि संपादकास ते भूषण समजतो. पण तोच मनुष्य वडीलधाऱ्यांसमोर तसा वागला म्हणजे त्यास भीडमुर्वत नाही असे म्हणून नाक मुरडतो. 'भीड भिकेची बहीण' ही म्हणही आपलीच. एकाच मनोवृत्तीस एक समाज एकाच भाषेत गुणही मानतो व दोषही मानतो. यात भाषेचा गोंधळ नाही. मनोवृत्ती ही कच्ची माती आहे, तिचे काय घडते ते पुढे ठरावयाचे असते, एवढे त्या भाषेस कळलेले आहे.

मग ते ठरते कशाने? याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचे. निकोमाखस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या दहा भागांच्या नीतिग्रंथात त्याने असे प्रतिपादिले की, गुण हा दोन दोषांच्या मधला बिंदू आहे. भ्याडपणा आणि अविचारी साहस यांच्या मध्ये शौर्य. कंजूषपणा आणि उधळेपणा यांच्या मध्ये औदार्य. फुशारकी आणि स्वतःस उगाच हिणविणे यांच्या मध्ये सच्चेपणा. 'अति तेथे माती' ही आपली म्हण या मताचा अर्धा भाग एका ओळीत सांगते. अर्धाच, कारण उणेपणाही दोषच, हे ती म्हण सांगत नाही. ज्या गोष्टीचा राग यावयास हवा तिचाही ज्यास राग येत नाही तो ॲरिस्टॉटलच्या मते सज्जन नव्हे, बावळट होय. आपल्याकडेही क्रोध षड्रिपूंत मोजला जातो खरा, पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मन्यूची दोन स्वतंत्र सूक्ते आहेत. तेथे हाच आवेश देवता होऊन येतो.

या मध्याच्या कल्पनेचा फार ढोबळ अर्थ केला जातो. पुष्कळ लोकांस वाटते की, थोडे खरे बोलावे, थोडे खोटे बोलावे, म्हणजे मध्य साधला. ॲरिस्टॉटलने हा गैरसमज अगोदरच ओळखला होता. दहा माप अन्न अति आणि दोन माप अन्न अल्प, म्हणून सहा माप अन्न सर्वांस योग्य असे होत नाही. नामांकित मल्ल मिलो यास ते अपुरे पडेल आणि तालमीत नव्याने उतरणाऱ्यास ते जास्त होईल. मध्य हा व्यक्तीगणिक आणि प्रसंगागणिक शोधावा लागतो. योग्य मनुष्याशी, योग्य वेळी, योग्य हेतूने आणि योग्य रीतीने. देश, काल, पात्र या गीतेतील त्रयीशी त्याचे हे म्हणणे किती जुळते ते वाचकांनी पहावे. शिवाय काही गोष्टींस मध्यच नाही, हेही तो स्पष्ट सांगतो. दुसऱ्याच्या उत्कर्षाने जळणे, दुसऱ्याच्या दुःखाने सुखावणे, चोरी, खून यांचे योग्य प्रमाण म्हणून काही नसते. आमच्या षड्रिपूंतील मत्सर हा असाच. काम, क्रोध, लोभ यांस वळण देता येते असे अनुभवी लोक सांगतात. मत्सरास वळण लावून त्याचा सद्गुण केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

कांटने या मतावर १७९७ च्या ग्रंथात जो आक्षेप घेतला तो विचारार्ह आहे. गुण आणि दोष यांतील भेद प्रमाणाचा असूच शकत नाही, तो जातीचा आहे, असे त्याचे म्हणणे. काटकसर थोडी वाढविली की कंजूषपणा होतो असे नव्हे. कंजूष मनुष्य मुळातच वेगळ्या सूत्राने चालतो. हे आम्हांस एका साध्या उदाहरणाने पटते. दोन गृहस्थ महिन्यास तेवढीच रक्कम शिल्लक टाकतात. एकाच्या मनात मुलीचे शिक्षण आहे; दुसऱ्याच्या मनात केवळ ती वाढत जाणारी शिल्लक आहे. हिशेबाच्या वहीत दोघांची पाने सारखी. मुलीच्या प्रवेशाचा दिवस उगवला म्हणजे मात्र पहिला पैसे काढतो आणि दुसऱ्याच्या छातीत कळ येते. फरक त्या दिवशी उत्पन्न झाला नाही; तो आरंभापासूनच होता, दिसला त्या दिवशी. तथापि, कांटचा आक्षेप ॲरिस्टॉटलवर पूर्णपणे लागू पडतो असे आम्हांस वाटत नाही, कारण 'योग्य हेतूने' हे शब्द त्या प्राचीन पंडिताने घातलेलेच आहेत.

येथपर्यंत येऊन पुष्कळ विवेचक थांबतात : हेतू शुद्ध तर गुण, हेतू मलिन तर दोष. आम्हीही बरीच वर्षे असेच मानीत होतो. परंतु महाभारतातील एक कथा या समाधानास सुरुंग लावते. कर्णपर्वात युधिष्ठिराने संतापाच्या भरात अर्जुनास गांडीव दुसऱ्यास देऊन टाकण्यास सुनावले, आणि असे बोलणाऱ्याचा वध करण्याची आपली प्रतिज्ञा आठवून अर्जुनाने तलवार उपसली. तेव्हा श्रीकृष्णाने त्यास कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. कौशिक नद्यांच्या संगमाजवळ राहणारा, नेहमी सत्यच बोलण्याचे व्रत घेतलेला आणि त्यामुळे सत्यवादी म्हणून ख्याती पावलेला. दस्यूंच्या भयाने पळालेले काही लोक त्याच्या आश्रमाजवळील झाडीत शिरले. पाठोपाठ दस्यू आले आणि त्यांनी विचारले. कौशिकाने खरे ते सांगितले. ते लोक मारले गेले. आणि कौशिकास स्वर्ग नव्हे, नरक मिळाला.

कौशिकाचा हेतू मलिन होता काय? त्यास लाच मिळाली नव्हती, त्या लोकांशी वैर नव्हते. व्रत पाळणे एवढाच त्याचा हेतू. कांटने तर त्याच १७९७ साली एका स्वतंत्र लेखात, मारेकरी जरी आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला तरी खोटे बोलण्याचा अधिकार आपणांस नाही, असे मत मांडले. म्हणजे त्याने कौशिकास दोषी ठरविले नसते. लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात अहिंसा, सत्य यांसारख्या सर्वमान्य धर्मांसही अपवाद का पत्करावे लागतात याची सविस्तर चर्चा केली आहे. जिज्ञासूंनी ती मुळातूनच वाचावी. आमच्या मते कौशिकाचा दोष सत्य बोलण्यात नव्हता, तो त्याच्या दृष्टीच्या दिशेत होता. झाडीत माणसे होती. दारात शस्त्रे होती. आणि कौशिक आपल्या व्रताकडे पहात होता.

हे आम्ही पुस्तकावरून लिहीत नाही. आमच्यावर एक प्रसंग आला होता, तो येथे सांगितल्याशिवाय पुढचे म्हणणे नीट पोहोचणार नाही.

१९९० नंतरच्या दोन-चार वर्षांतील ही गोष्ट. आम्ही नुकतेच नोकरीस लागलो होतो आणि इंदुरातील एका शाळेत आठवीचे वर्गशिक्षक होतो. शहरातील कापडगिरण्यांस तेव्हा वाईट दिवस आले होते. बापाची गिरणी बंद पडलेली अशी मुले प्रत्येक वर्गात होती. फी थकलेल्या विद्यार्थ्यांची यादी दर महिन्यास वर्गात मोठ्याने वाचण्याची त्या शाळेत प्रथा होती. नाव घेतले की मुलाने उभे रहावयाचे. ही यादी आम्ही कधी चुकविली नाही. आणि आमची त्याबद्दल ख्याती होती! कारण इतर शिक्षक संस्थेच्या चालकांच्या नात्यातील मुलांची नावे हळूच गाळीत. आम्ही कोणाचेच गाळीत नसू. यादी नावांच्या क्रमाने, स्पष्ट उच्चारात, न रागावता, न टोमणा मारता वाचीत असू. सत्य, निःपक्षपात, शिस्त, संयम यांपैकी कोणता गुण त्यात नव्हता? आमचा हेतूही वाईट नव्हता. नियम सर्वांस सारखा असावा असे आम्हांस मनापासून वाटत होते, आजही वाटते.

त्या वर्गातील एक मुलगा चार महिने ओळीने उभा राहिला. गणितात हुशार होता. "सर, उद्या आणतो," एवढेच म्हणे. पाचव्या महिन्यापासून तो येईनासा झाला. काही दिवसांनी त्याची आई दाखला नेण्यास आली. कागद आम्हीच भरला. गैरहजेरी फार झाली होती, म्हणून आचरणाच्या रकान्यात 'सामान्य' असे लिहिले. त्या माउलीने तो शब्द वाचला की नाही कोण जाणे. कागदाची घडी घालून ती गेली.

तिला फाटकापर्यंत पोहोचवून शिपाईमामा परत आले. निवृत्तीस आलेले वृद्ध गृहस्थ. ते आम्हांस म्हणाले, "सर, राग मानू नका. यादी वाचताना तुम्ही कधी मान वर करून पाहिलं नाही."

राग आला, हे कबूल केले पाहिजे. शिपायाने शिक्षकास शिकवावे याचा तर आलाच. पण त्याहून अधिक आला तो यासाठी की, मामांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आमची नजर कागदावर असे. एकही नाव गळू नये, उच्चार चुकू नये, कोणास झुकते माप दिले असे होऊ नये. त्या सर्व दक्षतेत समोर उभा राहिलेला मुलगा कोठेच नव्हता. आम्ही न्यायी आहोत हे आम्ही दर महिन्यास चाळीस मुलांच्या साक्षीने स्वतःस सिद्ध करून दाखवीत होतो, आणि त्यासाठी लागणारे सामान त्या थकलेल्या मुलांचे होते.

तेव्हापासून आमचे मत असे बनले आहे की, केवळ नाव, केवळ प्रमाण किंवा केवळ हेतू यांवरून गुणदोषांचा निवाडा करता येत नाही. ती वृत्ती कोणाकडे पहात आहे, हेही विचारावे लागते. खऱ्या गुणाचे तोंड समोरच्या माणसाकडे असते. तेच बळ, तीच टेक, तोच नेमकेपणा, जेव्हा वळून स्वतःकडे पाहू लागतो तेव्हा दोषाचा आरंभ होतो. मग त्याच्या अंगावर कितीही सोज्ज्वळ वस्त्र का असेना. गीतेने आसुरी दोषांच्या आरंभीच दंभ ठेवला आहे, त्याचे मर्म आम्हांस येथे दिसते. चोर साधूचे सोंग घेतो, पण साधू चोराचे सोंग घेत नाही. खोटे नाणे खऱ्या नाण्याच्या भरवशावर चालते. आणि दुसऱ्यास फसविणारा दंभ त्यातल्या त्यात बरा म्हणावा, कारण त्या मनुष्यास स्वतःस तरी खरे ठाऊक असते. आमच्यासारख्याचा दंभ आम्हांसही ठाऊक नव्हता.

माळव्यात राहणाऱ्यास याची उलट बाजू दाखविणारे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. १७६७ ते १७९५ या काळात होळकरांच्या राज्याचा कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाईंविषयी सर जॉन माल्कम याने १८२३ च्या आपल्या मध्य हिंदुस्थानवरील ग्रंथात एक हकीकत नोंदविली आहे. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीस पात्र नाही असे सांगितले, ग्रंथ नर्मदेत टाकविला आणि ग्रंथकर्त्याकडे पुन्हा लक्ष दिले नाही. ही नम्रता की निष्ठुरता? त्या ब्राह्मणाच्या बाजूने पाहिले तर त्याचे श्रम पाण्यात गेले, अगदी शब्दशः. परंतु ज्या बाईंनी काशीपासून सोमनाथापर्यंत मंदिरे आणि घाट बांधविले, त्यांस दानाचे वावडे नव्हते. वावडे होते ते स्तुतीच्या बाजाराचे. एका भाटास भरघोस बिदागी मिळाली असती तर दुसऱ्या महिन्यात महेश्वरात दहा भाट आले असते, आणि रयतेच्या अर्जांस त्यांच्या मागे उभे रहावे लागले असते. हा शेवटचा तर्क आमचा आहे, माल्कमचा नव्हे. पण तो खरा असेल तर बाईंची नजर त्या वेळी स्वतःवर नव्हती, असे म्हणता येते. हेच कृत्य दरबारी मंडळींकडून वाहवा मिळविण्यासाठी झाले असते तर? नर्मदेत बुडालेला ग्रंथ तोच राहिला असता.

समोरच्याकडे पहावयाचे म्हणजे त्याच्या मनाजोगे करावयाचे असा मात्र अर्थ नाही. नाही तर भीड हाच सर्वश्रेष्ठ सद्गुण ठरेल! वार्षिक परीक्षेत एखादा मुलगा थोडक्यात नापास होत असतो. शिक्षकाचे मन द्रवते, चार गुण वाढविले जातात, आणि सर्वांस ती दया वाटते. आम्हीही हे केले आहे. पुढच्या वर्षी तो मुलगा अपूर्णांक न कळता बीजगणितास बसतो आणि मागच्या बाकावर सरकतो. त्या चार गुणांनी कोणाचे दुःख निवारण झाले? मुलाचे नव्हे, त्याच्या बापास 'नाही' म्हणण्याचे आमचे दुःख टळले. खऱ्या दयेने जूनमध्ये त्यास रोज अर्धा तास अधिक बसविले असते. तसे बसविणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत, आणि मुले त्यांस खडूस म्हणतात.

आता एक शंका उरते. मनुष्याची नजर स्वतःकडून पूर्णपणे कधी सुटते काय? नाहीच सुटत, सुटली तर तो संत. मग आपण सारेच दोषी ठरतो. येथे ॲरिस्टॉटलचा आणखी एक भेद उपयोगी पडतो, त्याच्या ग्रंथाच्या सातव्या भागातील. दुर्गुण आणि दुर्बलता या दोन निराळ्या गोष्टी आहेत असे तो म्हणतो. दुर्बल मनुष्यास चांगले काय ते कळते, तो घसरतो आणि मागाहून हळहळतो. दुर्गुणी मनुष्यास हळहळ नसते, कारण आपण चुकलो हेच त्यास दिसत नाही. एक अपस्मारासारखा, झटका येऊन जाणारा. दुसरा जलोदरासारखा किंवा क्षयासारखा, आत सतत मुरलेला. शाळेत याचा प्रत्यय रोज येतो. पेन चोरून रात्रभर तळमळणारा मुलगा आणि पेन चोरून 'त्याच्याकडे दोन होते' असे शांतपणे सांगणारा मुलगा यांस एकच शिक्षा करणे सोपे असते. पण पहिल्यास बहुधा शिक्षेची गरजच नसते, आणि दुसऱ्यास शिक्षेने फारसे काही होत नाही. त्याच्याशी बोलावे लागते, अनेक दिवस बोलावे लागते. गवंडी बांधून बांधून गवंडी होतो तसा मनुष्य न्यायाची कृत्ये करून करून न्यायी होतो, हेही त्याच ग्रंथकाराचे म्हणणे. परंतु सवयीने यादी वाचणाराही तयार होतो, हे आम्ही आमच्या अनुभवाने त्यास जोडू.

मुख्याध्यापक झाल्यावर आम्ही यादी वाचण्याची प्रथा आमच्या शाळेत राहू दिली नाही. थकबाकीची चिठ्ठी बंद पाकिटात पालकांकडे जाते, आणि दोन महिन्यांहून अधिक थकली तर पालकांस बोलावून आम्ही स्वतः बोलतो. वसुलीस उशीर होतो आणि कार्यालयातील मंडळी त्याबद्दल कुरकुर करतात, हेही खरे आहे. त्यांची कुरकुर रास्त आहे. शिक्षकांचे पगार त्या फीतूनच निघतात. मुलाकडे पाहताना पगाराची वाट पाहणाऱ्या शिक्षकाकडे पाठ फिरली तर तोही दोषच. या प्रश्नाचे कायमचे उत्तर आमच्याकडे नाही. दर वर्षी एकेका घराचा निराळा विचार करावा लागतो आणि त्यात चुकाही होतात.

काही वर्षांपूर्वी प्रवेशाच्या दिवसांत एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आमच्या खोलीत आले. कपाळावरून आम्ही त्यांस ओळखले. गणितातील ती हुशारी तेथे अजून होती असे आम्हांस वाटले, किंवा तसे वाटून घेतले. कापडाच्या दुकानात हिशेब पाहतो, असे ते म्हणाले. मुलीस त्यांनी आम्हांस नमस्कार करावयास लावला. जुन्या गोष्टीचा एक शब्दही त्यांनी काढला नाही, आम्हांसही काढवला नाही. फीचा तक्ता त्यांनी काळजीपूर्वक वाचला. तिमाही हप्त्यांची सोय आहे, असे आम्ही सांगितले. "नको सर," असे म्हणून त्यांनी खिशातून पाकीट काढले आणि संपूर्ण वर्षाची फी एकरकमी टेबलावर ठेवली. नोटा मोजून, रबर लावून आणलेल्या होत्या.

तो अभिमान होता की स्वाभिमान, हे आम्ही त्यांस विचारले नाही. पावती मुलीच्या नावाने लिहिली, आणि ती त्यांच्या हाती दिली.